गहाण न पडलेले यंत्र

मुलांनो, पूर्वी पडद्यावरचा दारुडा बहुधा हसविण्यापुरताच येई. १९४५ साली बिली वाइल्डर यांनी 'द लॉस्ट वीकेंड' हा अमेरिकन चित्रपट काढला, आणि प्रेक्षकांचे हसू मावळले.

त्याचा नायक डॉन बर्नम हा लेखक. भावाला दिसू नये म्हणून तो खिडकीबाहेर दोरीला बाटली टांगून ठेवतो! पुढे पैसे संपतात. तेव्हा ज्यावर लिहावयाचे ते टंकलेखन यंत्रच गहाण टाकण्यास तो निघतो. न्यूयॉर्कच्या रस्त्याने ते ओझे वाहत तो दुकानांमागून दुकाने पालथी घालतो; परंतु ज्यू लोकांच्या उपवासाचा पवित्र दिवस असल्याने सर्वत्र कुलपे!

शेवट मात्र मला जरा घाईचा वाटतो. इतक्या लवकर व्यसन सुटत नाही. हेलन त्याला धीर देते. डॉन जळती सिगारेट भरल्या पेल्यात टाकतो आणि स्वतःचीच कहाणी लिहावयाचे ठरवितो.