पाठ ९ : भाचीचा लॅपटॉप

वाचण्याआधी : तुमच्या घरी महागाची वस्तू घेताना कोण ठरवतं? काय बघून ठरवतं?

माझी भाची सप्टेंबरमध्ये लीड्सला कायदा शिकायला जाणार आहे. एलएलबीचा अभ्यास तिथे तीन वर्षांचा असतो. गेल्या महिन्यात एका रविवारी तिचा फोन आला.

"मामा, तू आयटीमध्ये आहेस ना? मला लॅपटॉप घ्यायचाय. आजोबांनी त्यांच्या पेन्शनमधून आठशे पाउंड दिलेत. मी एक बघून ठेवलाय, गेमिंगचा. एकदम फास्ट आहे!"

"वजन किती आहे त्याचं?"

ती जरा थांबली. "अडीच किलो. चार्जर वेगळा."

"रोज पाठीवर घेऊन कोण फिरणार? मामा?"

ती हसली. मग मी तिला विचारलं, "त्याच्यावर तू नेमकं काय करणार आहेस?"

लॅपटॉप घेताना हा प्रश्न पहिला. कायद्याचे विद्यार्थी मुख्यतः दोन कामं करतात : खूप वाचतात आणि खूप लिहितात. वेस्टलॉ, लेक्सिस यांसारखे कायद्याचे संग्रह ब्राउझरमध्येच उघडतात. ब्रिटनमधले कायदे सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. यातल्या कशालाच गेमिंगचा लॅपटॉप लागत नाही. भाजी चिरायला विळी पुरते, तलवार कशाला?

मग मी तिला काय बघायचं ते सांगितलं.

१. कीबोर्ड : दुकानात जाऊन एक परिच्छेद टाइप करून बघ. बोटं अडखळली तर तो लॅपटॉप नको. कीबोर्ड ब्रिटिश असू दे, म्हणजे पाउंडचं चिन्ह ३ च्या बटणावर मिळेल.

२. पडदा : तेरा-चौदा इंची, स्वच्छ दिसणारा. लांबलचक निकालपत्रं वाचायची आहेत, डोळे तुझेच आहेत.

३. वजन आणि बॅटरी : वजन दीड किलोच्या आत असावं. बॅटरी दिवसभर टिकावी, कारण वर्गात प्रत्येक खुर्चीजवळ प्लग नसतो.

४. मेमरी : १६ जीबी रॅम घे. एका वेळी वीस टॅब, दोन पीडीएफ आणि निबंध उघडे असतील. साठवणीसाठी मात्र २५६ जीबीसुद्धा पुरेल.

५. विद्यापीठाच्या सूचना : काही ठिकाणी परीक्षा स्वतःच्या लॅपटॉपवर, खास सॉफ्टवेअरमध्ये द्यावी लागते. ते क्रोमबुकवर चालेलच असं नाही. वर्डसुद्धा बरीच विद्यापीठं विद्यार्थ्यांना फुकट देतात. म्हणून आधी वाच, मग पैसे खर्च कर.

"आणि दादाचा जुना लॅपटॉप वापरला तर?" तिनं विचारलं.

"जुना चालेल, पण त्यावर विंडोज ११ चालतंय का ते बघ. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला."

मग मी म्हणालो, "आता कायद्याचं बोलू. खरेदी हा एक करार असतो. ऑनलाइन घेतलास तर हातात आल्यापासून १४ दिवसांत, कारण न सांगता, खरेदी रद्द करता येते. दुकानात जाऊन घेतलेल्या चांगल्या वस्तूला हा हक्क नाही. पण वस्तू सदोष निघाली, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. दुकानातून घेतली असली तरी. म्हणून पावती जपून ठेव."

"म्हणजे माझा पहिला धडा दुकानातच!"

"हो. आणि दुसरा धडा माझ्याकडून. पुण्यात शिकताना माझा प्रोजेक्टचा अहवाल एकाच लॅपटॉपवर होता. तो द्यायच्या आठ दिवस आधी लॅपटॉपवर चहा सांडला. सगळं गेलं. आठ रात्री जागून पुन्हा लिहिलं."

मग मी तिला बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट सांगितली. १९१६ साली ते लंडनला आले. ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी नाव नोंदवलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना भारतात परतावं लागलं. त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजानं निघाली होती. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं आणि पुस्तकंही गेली. तरी ते १९२० साली लंडनला परत आले, शिक्षण पुरं केलं आणि बॅरिस्टर झाले. तेव्हा ते ज्या घरात राहायचे, ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर आज स्मारक आहे.

"त्यांना दुसरी प्रत ठेवायची सोय नव्हती," मी म्हणालो. "तुला आहे. लॅपटॉप परत घेता येतो, लिहिलेलं परत मिळत नाही."

पुढच्या आठवड्यात तिनं सव्वा किलोचा एक साधा लॅपटॉप घेतला. निबंधांची एक प्रत क्लाउडवर आणि एक छोट्या डिस्कवर ठेवायची, असंही ठरवलं. डिस्क घेऊनही शंभर पाउंड उरले. ते परत द्यायला तिनं आजोबांना फोन केला.

आजोबा म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. पुस्तकं घे."

शब्दार्थ
निकालपत्र : न्यायाधीशांनी लिहिलेला निर्णय
करार : दोघांनी मान्य केलेला व्यवहार
सदोष : ज्यात दोष आहे असा
पावती : पैसे दिल्याचा कागद
मुदत : ठरवून दिलेला काळ
पाणबुडी : पाण्याखालून जाणारं जहाज

प्रश्न
१. मामांनी गेमिंगचा लॅपटॉप नको असं का सुचवलं?
२. ऑनलाइन खरेदी आणि दुकानातली खरेदी यांत कोणता फरक आहे?
३. मामांनी बाबासाहेबांची गोष्ट कशासाठी सांगितली?
४. तुमच्या महत्त्वाच्या फाइलींच्या किती प्रती आहेत? कुठे? पाच वाक्यांत लिहा.