किक मारण्याआधी, किक मारल्यावर

नारायणगाव,
७ डिसेंबर

चि. मनीषा हिस,


अक्काचा फोन आला होता. घोडेगावला खोली मिळाली, उपकेंद्रावर हजर झालीस, एसटीच्या वेळा जुळत नाहीत म्हणून दाजींची स्प्लेंडर नेतेयस, सगळं कळलं. लायसन वेळेवर काढलंस ते झकास केलंस. अक्काला पोखरीच्या घाटाची धास्ती आहे. मला घाटाची तेवढी नाही, सकाळच्या घाईची आहे. घाटात माणूस आपोआप सावध होतो. दारातून गाडी काढताना कुणी सावध नसतं.

तू विचारलंस की गाडी किती वेळ गरम करायची. खोलीमालक म्हणतात दहा मिनिटं, तुझ्याबरोबरची सिस्टर म्हणते किक बसली की निघायचं. आगारात एसटीच्या इंजिनांखाली माझं आयुष्य गेलं, त्या हिशेबानं सांगतो: दोघांचंही निम्मं निम्मं खरं आहे.

रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल निथळून तळाला बसतं आणि थंडीत घट्ट होतं. गाडी चालू झाली की पंप ते वर चढवतो. सगळ्यात शेवटी ते पोचतं वर, हेडमध्ये, कॅमशाफ्टला आणि रॉकरला. तेवढ्या काही सेकंदांत कुणी रेस पिळली की कोरडं लोखंड लोखंडावर घासतं. गाडी चालू झाल्या झाल्या ‘घूंऽऽ घूंऽऽ’ करणारी पोरं गाडी गरम करत नसतात, झिजवत असतात.

आता दहा मिनिटांचं. चोक लावलेला असताना पेट्रोल जादा जातं आणि सगळं जळत नाही. न जळलेलं पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं, प्लगवर काजळी धरते ती वेगळीच. शिवाय आपली गाडी वाऱ्यावर थंड होणारी. उभ्या गाडीला वारा लागत नाही. म्हणजे दहा मिनिटांत पेट्रोल जातं, शेजाऱ्यांची झोप जाते, इंजिनाला काही मिळत नाही. आणि बंद पडवीत किंवा शटर ओढून तर गाडी कधीच चालू ठेवू नकोस. कार्बन मोनॉक्साइडचं तुला मी काय सांगू.

सिस्टरची गाडी नवी आहे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले, तेव्हा बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. थंडीत पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सरच्या भरवशावर गाडी स्वतः ठरवते, म्हणून तिला चोकची भानगड नाही. पण ऑइल तिचंही गारच असतं. तेव्हा किक मारून लगेच निघाली तरी पहिल्या टप्प्यात तिनंही दमानंच जायला हवं.

तुझ्यासाठी हिशेब असा. थंडीच्या दिवसांत चावी न फिरवता दोन-तीन किका मारून घे, मग चावी लाव, चोक लाव, रेस न देता किक मार. अर्धा-एक मिनिट, फार कडाका असेल तर दोन मिनिटं, गाडी आपल्या तालावर राहू दे. आवाज स्थिरावला की चोक काढ. चोक विसरून निघालीस तर डिंभ्यापर्यंत काळा धूर काढत जाशील आणि गाडी उचलणार नाही. निघाल्यावर पहिले दोन-तीन किलोमीटर रेस अर्ध्याच्या आत ठेव. खरं गरम होणं तिथंच होतं, कारण चेन, टायर हे उभ्या गाडीत गरम होतच नाहीत.

मग ती मिनिट-दोन मिनिटं मोबाइल बघायचा का? नाही. गाडी बघायची. निम्मं काम किक मारण्याआधी, निम्मं मारल्यावर.

आधी गाडीखालची जमीन बघ. काल जिथं उभी होती तिथं ऑइलचा ठिपका आहे का, पेट्रोलचा वास येतोय का. मग दोन्ही टायर. अंगठ्यानं दाबून हवा कळत नाही, ती फक्त अगदीच बसलेली कळते. आठवड्यातून एकदा पंपावर टायर गार असताना मोजून घे. एकट्यानं जायचं तर किती आणि मागं माणूस असेल तर किती, हे दोन आकडे पुस्तिकेत दिलेले आहेत. तुझ्या मागं आशाताई बसणार असेल तर दुसरा आकडा धर. रोज मात्र चाक फिरवून खिळा, काच, अडकलेला खडा बघायचा. डिंभ्याच्या पुढं पंक्चरवाला शोधत बसण्यापेक्षा ते सोपं. स्पोकवर पाना हलकेच मारत जा. कसलेले स्पोक टणटण वाजतात, ढिला बद्द वाजतो.

चेन महत्त्वाची. तिचा ढिलेपणा साधारण इंचभर असावा. चेनकव्हरला खालच्या बाजूनं एक रबरी बूच आहे, ते काढलं की बोटानं चेन वर-खाली करून बघता येते. मेन स्टँडवर गाडी लावून चाक थोडं थोडं फिरव आणि तीन-चार जागी बघ, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. आणि हे काम गाडी बंद असतानाच. चालू गाडीच्या चेनमध्ये बोट गेलेले फिटर मी पाहिलेत.

मग हात-पाय. क्लच आणि पुढचा ब्रेक दाबून बघ. केबलची तार लिव्हरजवळच्या टोकाला उसवायला लागते, तिथं नजर टाक. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून रेस सोड, ती दोन्हीकडे खाडकन परत आली पाहिजे. अडकत परत येणारी रेस वळणावर दगा देते. मागच्या ब्रेकच्या ड्रमवर एक बाण आहे. पूर्ण ब्रेक दाबल्यावर तो बाण शेवटच्या खुणेला पोचला तर लायनर बदलायची वेळ झाली, मेकॅनिकला विचारायचीही गरज नाही.

आता किक मार. गाडी तालावर येईपर्यंत हेडलाइट, चारही इंडिकेटर, हॉर्न. ब्रेकलाइट बघायला दुसरा माणूस लागत नाही. मागची बाजू भिंतीकडे करून उभी कर, भिंत लाल होते. पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघ, दोघांचे स्विच वेगळे असतात. सायलेन्सरमधून सकाळी पांढरी वाफ आणि चार थेंब पाणी पडलं तर घाबरू नकोस. पेट्रोल जळताना पाणी होतंच, गार सायलेन्सरमध्ये ते साचतं. निळसर धूर मात्र गाडी गरम झाल्यावरही थांबला नाही, तर गाडी ऑइल खातेय असं समज. तिच्यात ऑइल जेमतेम लिटरभर मावतं. त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी फार झालं.

म्हणून ऑइल आठवड्याला बघ. बाहेरून आल्यावर, गाडी बंद करून दोन-तीन मिनिटं थांबून, सपाट जागेवर, मेन स्टँडवर. डिपस्टिक काढून पूस, परत नुसती टेकव, आटे फिरवू नकोस, आणि दोन रेघांच्या मध्ये ऑइल आहे का बघ. आटे फिरवून बघितलं तर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

एवढं वाचून तू म्हणशील, मामा, मला काय कळतंय यातलं. कळायला काही नको. उपकेंद्रात गरोदर बाईचं बीपी दर खेपेला कार्डावर लिहितेस ना? एकट्या आकड्यावरून फारसं कळत नाही, मागच्या खेपेच्या शेजारी ठेवला की कळतं. गाडीचं तसंच. रोज दोन मिनिटं तिच्याजवळ कान देऊन उभी राहिलीस की तिचा रोजचा आवाज तुझ्या कानात बसेल, क्लचची रोजची चाल हातात बसेल. मग ज्या दिवशी काहीतरी वेगळं असेल त्या दिवशी नाव सांगता आलं नाही तरी ‘आज हिचं काहीतरी बिघडलंय’ एवढं नक्की कळेल. मेकॅनिकला तेवढं पुरतं. आगारात चांगला ड्रायव्हर ओळखायची हीच खूण होती. तो कधी ‘गाडी खराब आहे’ म्हणायचा नाही, ‘कालपासून डावीकडे ओढतेय’ म्हणायचा.

दाजींची गाडी कित्येक महिने गोठ्याशेजारी उभी होती, त्यामुळं पहिल्यांदा थोडं जास्त बघावं लागेल. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाक. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. उभ्या गाडीत ते पाणी तळाला बसतं. कार्बोरेटर साफ करून घे. सीट उचलून वायर उंदरांनी कुरतडल्यात का बघ. आणि हेल्मेट कुठंही टांगलेलं असलं तरी डोक्यात घालण्याआधी उलटं करून झाडायचं. आपल्याकडे विंचवाला आडोसा फार आवडतो. हेल्मेट आयएसआयचंच हवं, आणि पट्टा लावलेला हवा. मागच्या माणसालाही. आशाताई लाजेल, तिला तू सांगायचंस.

लसीकरणाच्या दिवशी लसीचा डबा मागं बांधशील. बर्फाचे चार पॅक आत असले की त्याला चांगलंच वजन येतं. रबरी दोरी आवळल्यावर तिचं लोंबतं टोक खोचून टाक, नाहीतर ते मागच्या चाकात जातं. ओढणीचं तेच, पदराचं तेच. चाकानं ओढणी ओढली की सोडवायला वेळ मिळत नाही. निघताना शेवटची नजर साइड स्टँडवर. जुन्या गाडीत स्टँड खाली राहिला तरी इंजिन बंद पडत नाही, आणि पहिल्याच डाव्या वळणाला तो जमिनीला टेकून माणूस फेकला जातो. दारातून निघाल्यावर दहा-पंधराच्या स्पीडला दोन्ही ब्रेक एकदा लावून बघ. ब्रेक लागत नाहीत हे शिनोलीच्या आधी कळलेलं बरं.

घाटातून उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर सोडणारे तुला रोज दिसतील. तू दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतर. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. पावसात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढलीस की ब्रेक हलके धरून थोडं अंतर जा, ड्रम वाळू दे.

रविवारी संध्याकाळी ओतूरच्या घरून परतताना उशीर करू नकोस. आपला सगळा पट्टा उसाचा, आणि बिबट्या उसातच राहतो, हे जुन्नर वनविभागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चालत्या गाडीची भीती कमी. अंधारात उसाच्या कडेला बंद पडलेल्या गाडीची जास्त. म्हणून रविवारची तपासणी दुपारी, उजेडात, ओतूरच्या अंगणात करायची. दिवे आणि पेट्रोल आधी.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यात अवघड आहे. तपासणी करणारे पुष्कळ असतात. तपासणीत काही सापडल्यावर थांबणारे फार थोडे. सकाळी साडेसात वाजलेत, क्लचची केबल उसवलेली दिसतेय, उपकेंद्रावर बायका येऊन बसल्या असतील, तेव्हा मन म्हणतं, आजचा दिवस जाईल. तो जातोही बहुतेक वेळा, म्हणून तर सवय लागते. तू तसं करू नकोस. गाडी ठेव, एसटी बघ, जीप बघ, वरिष्ठांना फोन करून उशीर होईल म्हणून सांग. पावसाळ्यातही तेच. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं ते याच आंबेगावच्या डोंगरात. धो-धो पावसात घाटात दगड यायला लागलेत असं कुणी सांगितलं तर गाडी कितीही ठणठणीत असो, मागं फिरायचं. तू पोचली नाहीस तर एक दिवस लस उशिरा टोचली जाईल. तू पडलीस तर त्या वाड्यांना दुसरी सिस्टर मिळायला किती महिने लागतील ते तुलाच माहीत. गाडी ठेवून जायची तयारी नसेल तर सकाळी वाकून बघण्यात काही अर्थ नाही, आणि त्या तयारीला पाना लागत नाही, धीर लागतो.

अक्काला आणि दाजींना नमस्कार. पोचल्याचा फोन करत जा.

तुझा,
मामा

ता. क. सीटखाली एवढं ठेव: प्लगपाना, एक जादा प्लग, क्लचची केबल, हेडलाइटचा बल्ब, दहा-बाराचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि एक जुनं फडकं. सुट्टीत गाडी घेऊन नारायणगावला ये, केबल कशी बदलायची ते तुझ्या हातून करून घेतो. कपडे जुने घालून ये.