थिनर उघडला की डिटेक्टर का बोंबलतो?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमची पेंटिंगची छोटी शेड आहे. भिंतीवर गॅस डिटेक्टर लावलाय. थिनरचा डबा उघडला की तो बोंबलतो, पावसाळ्यात तर कधी कधी उगाचच. त्याच्या आत असतं तरी काय? आणि आम्हाला वास येतोच की, मग हे यंत्र कशाला?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : आधी दुसरा प्रश्न, कारण तो जिवाशी निगडित आहे. नाकावर भरवसा नको. गटाराच्या चेंबरमधला हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस आत उतरतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. तुमच्या थिनरमधल्या टोल्युइनला आहे, पण नाक त्याला लवकर सरावतं. कायद्यात आठ तासांच्या पाळीसाठी टोल्युइनची मर्यादा दहा लाखांत शंभर भाग आहे. ती ओलांडली की नाही, हे कोणाचं नाक सांगणार?

आता आत काय ते. स्वस्तातल्या डिटेक्टरांत बहुधा कथिलाचं ऑक्साइड असतं. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६८ पासून असे सेन्सर बाजारात आले. बारीक हीटर हे ऑक्साइड काही शे अंशांवर तापतं ठेवतो. हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो आणि इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे वीज अडखळत वाहते. थिनरची वाफ आली की ती त्या ऑक्सिजनशी संयोग पावते, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, प्रवाह वाढतो आणि भोंगा वाजतो.

हे सगळं घडतं ते पृष्ठभागावर. म्हणून गुळगुळीत, घट्ट वडी इथे कुचकामी. कणाकणांत फटी राहतील असा सच्छिद्र थर लागतो. या सच्छिद्रपणाची कमाल म्हणजे धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून बांधलेले पोकळ स्फटिक. त्यांच्यासाठी किटागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. याघींच्या गटाने १९९९ मध्ये मांडलेल्या ‘मॉफ-५’ या पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे तीन हजार चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. भोसरीकरांना कबड्डीच्या भाषेत सांगायचं तर वीसहून जास्त मैदानं, चिमूटभर भुकटीत!

पण नुसती भोकं असून भागत नाही. कथिलाच्या ऑक्साइडला थिनर, सॅनिटायझर आणि स्वयंपाकाचा गॅस यांतला फरक फारसा कळत नाही. पावसाळ्यात पाण्याची वाफही त्याच पृष्ठभागावर बसते आणि प्रवाह वाढवते. तुमचा ‘उगाचच’ बहुधा तोच. खरं कौशल्य आहे ते नेमकाच पाहुणा ओळखणारी पोकळी घडवण्यात. तुमच्यापासून फार लांब नसलेल्या पाषाणच्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत सुजित घोष यांच्या गटाने २०१४ मध्ये झिर्कोनियमचा असा एक पदार्थ मांडला. त्यातल्या नायट्रो गटाचं हायड्रोजन सल्फाइडमुळे अमाइन होतं आणि पदार्थ चमकू लागतो. मात्र हा प्रयोग द्रावणातला आहे. तिथून शेडच्या भिंतीपर्यंतचा रस्ता लांबचा, कारण धूळ, दमटपणा आणि वर्षानुवर्षांची झीज प्रयोगशाळेत भेटत नाही.

तुमच्या शेडसाठी दोन गोष्टी. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते, ती जमिनीलगत साचते. डिटेक्टर छताजवळ असेल तर खाली आणा. दुसरी जास्त गंभीर. शेजारी रबर किंवा प्लास्टिकचं मोल्डिंग चालत असेल, तर साच्यावर मारायचा सिलिकॉन स्प्रे तुमच्याकडे येतो का ते बघा. सिलिकॉनची वाफ तापलेल्या कणांवर जळून वाळूच्या जातीचा पातळ थर सोडते आणि छिद्रं बुजवते. मग डिटेक्टर बोंबलणं बंद करतो, हिरवा दिवा मात्र लागलेलाच राहतो. म्हणून दिव्यावर विसंबू नका. पुरवठादाराकडून ठरावीक प्रमाणाचा टेस्ट गॅस मागवा आणि वरचेवर सोडून बघा.