सपाट पाण्यावरचे ५०० मीटर

विंडसर्फिंगच्या वेगस्पर्धेत मान आहे तो ५०० मीटरच्या सरासरी वेगाला. क्षणभर गाठलेल्या कमाल वेगाला नाही. २०१५ साली नामिबियातल्या ल्युडरिट्झला, वाळूत मुद्दाम खणलेल्या कालव्यात, आंत्वान आल्बोने ५३.२७ नॉटची सरासरी राखली. म्हणजे ताशी जवळजवळ ९९ किलोमीटर, आणि ५०० मीटर १८ सेकंदांत पार. ही कृती मात्र त्या कालव्यासाठी नाही. हार्नेसवर भार टाकून, दोन्ही पाय पट्ट्यांत अडकवून ज्याला बोर्ड पळवता येतो आणि आता पहिल्यांदा ३० नॉटची सरासरी गाठायची आहे, त्याच्यासाठी आहे. त्या वेगाने ५०० मीटरला ३२ सेकंद लागतात.

पहिलं काम पाणी निवडणं. नवखा माणूस वाऱ्याचा अंदाज पाहून निघतो आणि लाटांवर आपटत बसतो. पाणी सपाट नसेल तर वाऱ्याचा जोर कितीही असो, फिन पाण्याबाहेर येते आणि पकड सुटते. इंग्लंडच्या पोर्टलंड बंदरात १९७२ पासून वेगाच्या स्पर्धा होतात त्या यामुळेच: चेसिलचा गोट्यांचा लांबलचक बांध समुद्राच्या लाटा पलीकडेच अडवतो, वारा तेवढा बांधावरून अलीकडे येतो. तुम्हीही असाच बांध, वाळूची पट्टी किंवा भिंत शोधा आणि तिच्या जितकं जवळून जाता येईल तितकं जा. त्याआधी ओहोटीला तो पट्टा चालून पाहा. गुडघाभर पाण्यात, ताशी ५५ किलोमीटर वेगाने जाताना लपलेला दगड सापडला तर माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो. आणि अशा जागी वारा किनाऱ्याकडून खोल पाण्याकडे वाहत असतो, म्हणून एकट्याने कधीच उतरू नका. हेल्मेट आणि मार झेलणारं जाकीट घाला.

दुसरं, कोन. धाव जिथे संपणार तिकडे तोंड करून किनाऱ्यावर उभं राहा. वारा खांद्याच्या फऱ्यावर लागला पाहिजे. समोर १२ धरले तर घड्याळातल्या ४ आणि ५ च्या मधून, किंवा दुसऱ्या बाजूने ७ आणि ८ च्या मधून. दंडावर लागत असेल तर शिडाचा बराचसा जोर तुम्हाला आडवं ढकलण्यात जातो आणि सगळा ताण फिनवर पडतो. पाठीच्या मधोमध लागत असेल तर वेग वाढला की शिडातला वाराच संपतो. कोन जुळत नसेल तर दुसरी जागा पाहा. ताकदीने तो भरून निघत नाही.

जुळणी थोडक्यात सांगतो. २५ नॉट वाऱ्यात ७५-८० किलोच्या माणसाला साधारण ६ चौरस मीटरचं शीड, ५० सेंटिमीटरच्या आसपास रुंदीचा बोर्ड आणि आखूड फिन. शीड खाली इतकं ताणा की वरच्या भागातली मागची कड ढिली पडून पिंपळपानासारखी हलेल. वाऱ्याचा झोत आला की जादा वारा तिथून निसटतो आणि तुम्ही उखडत नाही. जीपीएस दंडावर बांधा, चालू करा आणि उपग्रह पकडेपर्यंत उघड्या आभाळाखाली थांबा. चांगली यंत्रं उपग्रहाच्या संकेतातल्या डॉप्लर बदलावरून वेग काढतात, म्हणून आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

आता धाव. सुरुवातीच्या खुणेच्या बरंच आधी, वाऱ्याच्या बाजूला जाऊन रेंगाळत राहा आणि वाऱ्याकडे पाहा. पाण्यावर गडद, सुरकुतलेला पट्टा सरकत येताना दिसेल, तो झोत. पहिल्या पट्ट्यामागे धावू नका. त्याच्या मागून रुंद, लांब पट्टा येतोय का पाहा. ३२ सेकंद पुरेल असा वारा हवा. तो अंगावर येण्याच्या थोडं आधी वारा दंडावर घेऊन वेग धरा, आणि झोत शिडात भरला की बोर्डाचं नाक हळूहळू वाऱ्यापासून दूर वळवा. हे वळण लांब कमानीसारखं हवं. झटक्यात वळलात तर शीड रिकामं होतं, वळलातच नाही तर फिनची पकड सुटते.

इथे शरीर घाबरतं आणि हात शीड सोडू पाहतात. सोडू नका. ३० नॉटचा वारा तिरका मागून येत असला तरी तुम्ही ३५ नॉटने निघालात की तो तोंडावर, पुढून लागतो. म्हणून शीड घट्ट ओढलेलंच ठेवायचं, त्याची खालची कड बोर्डला भिडेपर्यंत. भार हार्नेसवर, पुढचा पाय सरळ, नजर शेवटच्या खुणेवर. मागच्या पायाने फिनला रेटू नका. तरीही शेपूट घसरलीच तर त्या पायावरचा भार काढा आणि तळव्याने शेपूट स्वतःकडे, अंगाखाली ओढा. पकड परत येते.

खूण ओलांडली की लगेच शीड सोडायचं नाही. वाऱ्याकडे सावकाश वळत वेग उतरवा. परतताना वाऱ्याविरुद्ध नागमोडी यावं लागतं आणि त्यात दम जातो. पाणी उथळ असेल तर बोर्ड घेऊन किनाऱ्याने चालत या, पाय पुढच्या धावेसाठी राखा.

संध्याकाळी जीपीएसची नोंद उघडाल तेव्हा कमाल आकड्याआधी ५०० मीटरचा आलेख पाहा. शेवटच्या १०० मीटरमध्ये वेग पडला असेल तर झोत अपुरा होता, उद्या जास्त थांबा. सुरुवातच मंद असेल तर कमान उशिरा घेतलीत. आलेख मध्येच खचला असेल तर त्या जागी पाणी खडबडीत आहे, तिथे बांधाच्या आणखी हातभर जवळून जाता येतं का, ते ओहोटीला चालून पाहून ठरवा.