निकालपत्र नसलेल्या निकालावर अपील

अपहरण आणि मारहाणीच्या खटल्यात ‘दोषी’ असा निकाल आला की घरची माणसं आपल्याकडच्या सवयीने आधी निकालाची प्रत मागतात. इंग्लंड-वेल्समध्ये ती मिळत नाही, कारण ती नसतेच. बारा जणांची ज्युरी आपला कौल सांगते आणि कारण न देता घरी जाते. सेशन्स कोर्टाविरुद्ध मुंबई हायकोर्टात जाणारा वकील निकालपत्रातल्या परिच्छेदांवर बोट ठेवतो आणि पुरावा पुन्हा तपासायला लावतो. इथे बोट ठेवायला परिच्छेदच नाहीत. पुढची सगळी कृती या एका अडचणीभोवती फिरते.

आधी खटला कुठे चालला ते पाहा. साध्या मारहाणीचा निकाल मॅजिस्ट्रेट कोर्टाने दिला असेल तर काम तुलनेने सोपं आहे. शिक्षा सुनावल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत क्राउन कोर्टात अपील करायचं. परवानगी लागत नाही, साक्षीपुरावे नव्याने ऐकले जातात. मात्र तिथे शिक्षा वाढूही शकते. अपहरणाचा खटला क्राउन कोर्टातच चालतो आणि त्यावरचं अपील लंडनला, कोर्ट ऑफ अपीलच्या फौजदारी विभागाकडे जातं. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था निराळी आहे. तिथे अपिलाचा इरादा दोन आठवड्यांत कळवावा लागतो, एडिनबरा इथल्या हायकोर्ट ऑफ जस्टिशियरीसाठी.

क्राउन कोर्टाच्या निकालासाठी मुदत 28 दिवसांची, आणि ती मोजायची दोषी ठरवल्याच्या तारखेपासून. इथेच अनेकजण फसतात. शिक्षा बरेचदा काही आठवड्यांनी सुनावली जाते, आणि कुटुंब तोवर थांबून राहतं. शिक्षेविरुद्धच्या अपिलाचे 28 दिवस वेगळे. मुदत टळलीच तर वाढ मागता येते, पण उशिराचं कारण पटण्यासारखं हवं.

खटला लढवलेल्या सॉलिसिटर-बॅरिस्टरकडून अपिलाबद्दलचा सल्ला लेखी मागा. खटला लीगल एडवर चालला असेल तर हा सल्ला त्यातच येतो. ‘मुद्दा नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा वकील गाठता येतो. मात्र त्याला आधीच्या वकिलांना विचारून खटल्यात नेमकं काय घडलं याची खात्री करून घ्यावी लागते. कोर्ट याबाबत फार कडक आहे.

आता मुद्दे, म्हणजे खरं काम. 1968च्या कायद्यानुसार कोर्ट एवढंच बघतं की दोषी ठरवणं ‘असुरक्षित’ आहे का. ‘फिर्यादी खोटं बोलला’ हे ज्युरीने ऐकून ठरवलेलं आहे; तेच पुन्हा लिहिणं बहुतेकदा वाया जातं. त्याऐवजी जजने ज्युरीला कायदा कसा समजावून सांगितला ते वाचा. ज्युरीला दिलेल्या लेखी सूचना मागून घ्या, समारोपाच्या भाषणाचा उतारा मागवा. निकालपत्राची जागा हेच कागद घेतात. मारहाणीचे बरेच गुन्हे 1861च्या कायद्यात लिहिलेले आहेत, पण अपहरणाची व्याख्या कुठल्याच कायद्यात नाही. ती कोर्टांच्या निवाड्यांतून आली आहे: माणसाला नेणं, बळाने किंवा फसवून, त्याच्या संमतीविना आणि कायदेशीर कारणाशिवाय. यातला एकेक घटक सूचनांशी ताडून पाहा.

रॉबर्ट हेंडी-फ्रीगार्डचं अपील असंच यशस्वी झालं. गुप्तहेर असल्याची बतावणी करून त्याने लोकांना वर्षानुवर्षं ठिकठिकाणी पळवलं, लुबाडलं. 2005 मध्ये त्याला अपहरणासाठी जन्मठेप झाली. 2007 मध्ये अपहरणाची दोषसिद्धी रद्द झाली, कारण फसलेली माणसं स्वतः प्रवास करून गेली होती. तो त्यांना घेऊन गेला नव्हता. ट्रायल जजने मात्र तेवढंही पुरे मानलं होतं. चोरी आणि फसवणुकीची शिक्षा कायम राहिली. माणूस साधा नव्हताच, पण मुद्दा पक्का होता.

नवा पुरावा असेल तर तो आधी का दिला नाही याचं उत्तर तयार ठेवा. ज्युरीतल्या कुणाला गाठून ‘आत काय झालं’ विचारू नका. तो गुन्हा आहे.

मुद्दे एनजी फॉर्मला जोडून क्रिमिनल अपील ऑफिसकडे पाठवा. एक न्यायाधीश कागदांवरूनच परवानगीचा निर्णय देतो. या पायरीला कमी लेखू नका. टिळकांच्या 1897च्या राजद्रोहाच्या शिक्षेविरुद्ध लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे पुढे पंतप्रधान झालेले आस्क्विथ उभे होते, तरी परवानगी मिळाली नाही. आज नकार आला तर कामकाजाच्या 10 दिवसांत पूर्ण पीठाकडे मागणी नेता येते. पण ती निरर्थक ठरली, तर तुरुंगात काढलेले काही दिवस शिक्षेत न धरण्याचा आदेश होऊ शकतो. या अपिलात शिक्षा वाढवता मात्र येत नाही.

दरम्यान जामिनाची आशा फारशी धरू नका. आरोपी ब्रिटिश नागरिक नसेल आणि शिक्षा 12 महिने किंवा अधिक असेल, तर हद्दपारीचं प्रकरण वेगळं सुरू होतं; त्यासाठी इमिग्रेशनचा वकील लगेच गाठा.

अपील मंजूर झालं तरी कोर्ट फेरखटल्याचा आदेश देऊ शकतं. फेटाळलं तर सुप्रीम कोर्टाची वाट फार अरुंद: सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न असल्याचं कोर्ट ऑफ अपीलनेच प्रमाणित करावं लागतं. त्यानंतर उरतं बर्मिंगहॅमचं क्रिमिनल केसेस रिव्ह्यू कमिशन. 1997 पासून ते अशी प्रकरणं विनामूल्य तपासतं. अँड्र्यू माल्किन्सन यांचा अर्ज त्याने दोनदा नाकारला आणि तिसऱ्या वेळी कोर्टाकडे पाठवला. 17 वर्षं तुरुंगात काढल्यानंतर, 2023 मध्ये त्यांची बलात्काराची दोषसिद्धी रद्द झाली.