ताळ्याचा अंक

गुणाकार करून झाला म्हणजे "आतां ताळा पाहा" असें गुरुजी सांगत, हें आमच्या पालकवर्गापैकीं पुष्कळांस स्मरत असेल. ३४७ ला २६ नीं गुणिलें असतां ९०२२ येतात. ३४७ मधील अंकांची बेरीज १४, तिची पुन्हां ५; २६ ची ८; आठ पंचे चाळीस, त्याची बेरीज ४. इकडे ९०२२ ची बेरीज १३, म्हणजे पुन्हां ४. ताळा जुळला. नवाचा ताळा म्हणतात तो हाच. परंतु एखाद्या घाईच्या विद्यार्थ्यानें ९०२२ ऐवजीं ९२०२ लिहिले तर काय होईल? बेरीज तीच १३ व ताळा तोच ४. उत्तर साफ चुकलें असूनही ताळा जुळलाच! ताळा जुळणें आणि उत्तर बरोबर असणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढें ध्यानांत ठेवून पुढील विषयाकडे वळूं.

ताळ्याची गरज केवळ पाटीवरच भासते असें नाहीं. सावकारी पेढ्यांवरील हुंडींत रकमेचा आंकडा घालून ती अक्षरांनीं लिहीत, आणि शिवाय तिची निमे रक्कम सांगून "तिची दुप्पट" असेंही लिहीत. आंकड्यापुढें कोणी एक शून्य वाढविलें तर निमे रक्कम त्याची चोरी उघडी पाडी. जुन्या कराराच्या हिब्रू ग्रंथांच्या नकला करणारे मसोरेती शास्त्री तर पुस्तकाच्या अखेरीस त्यांतील वचनांची एकूण संख्या व मधलें वचन कोणतें हेंही टिपून ठेवीत.

आतां संगणकाकडे येऊं. संगणकांत ठेवलेली कोणतीही फाइल, मग तें पत्र असो, छायाचित्र असो वा गाणें असो, आंतून म्हणजे शून्य व एक ह्या दोन अंकांची लांबच लांब माळ. त्या माळेवर ठराविक गणित करून एक आटोपशीर अंक काढतां येतो. इंग्रजींत त्यास चेकसम किंवा हॅश म्हणतात; आम्ही त्यास ताळ्याचा अंक म्हणूं. ह्या गणिताच्या रीती अनेक आहेत. त्यांपैकीं सध्यां भरंवशाची मानली जाणारी एसएचए-२५६ ही रीत अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेनें २००२ सालीं प्रमाण म्हणून ठरविली. फाइल चार ओळींची असो कीं चार तासांच्या चित्रपटाची असो, तिच्यापासून निघणारा अंक नेहमीं ६४ चिन्हांचाच असतो. चिन्हें म्हणजे ० ते ९ हे अंक व ए पासून एफ पर्यंतचीं सहा रोमन अक्षरें. निबंधांतील एक स्वल्पविराम काढला तरी सबंध अंक ओळखूं येऊं नये इतका पालटतो. नवाच्या ताळ्यांतून निसटणारी अंकांची अदलाबदल येथें निसटत नाहीं. फाइलीचें नांव मात्र ह्या गणितांत येत नाहीं. नांव बदललें तरी अंक तोच राहतो. मौज अशी कीं, अगदीं रिकाम्या फाइलीलाही ठरलेला अंक आहे, व ह्या रीतीनें तो ई३बी०सी४४२ ह्या चिन्हांनीं सुरू होतो. बाहेरून उतरवून घेतलेल्या फाइलीचा अंक असा निघाला, तर पेटी पोंचली पण आंत कांहीं नाहीं असें समजावें.

हें सर्व ठाऊक असूनही एकदां आम्ही फसलों, तें सांगणें प्राप्त आहे. शाळेच्या ग्रंथालयांतील जुन्या वार्षिक अंकांना वाळवी लागली, म्हणून विद्यार्थ्यांच्या मदतीनें त्यांच्या पानांचीं छायाचित्रें घेतलीं. कॅमेऱ्याच्या कार्डावरून तीं एका हार्ड डिस्कवर उतरविलीं, आणि त्या डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर. दोन्ही डिस्कांवरील प्रत्येक फाइलीचा ताळा घेतला. तो तंतोतंत जुळला. समाधान झालें. कार्ड पुसून क्रीडादिनाच्या छायाचित्रांसाठीं देऊन टाकलें. पुढें एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत आले. १९३४ च्या अंकांतील बक्षिसांच्या यादींत आपल्या आजोबांचें नांव आहे असें त्यांनीं घरांत ऐकलें होतें, व त्या पानाची प्रत त्यांस हवी होती. आम्हीं पान उघडलें. वरचा भाग स्वच्छ, आणि खालीं सर्व करडा रंग. दुसऱ्या डिस्कवरील पानही तसेंच. कार्डावरून पहिली डिस्क भरतांना लिहिणें पुरें होण्याच्या आंतच ती काढून घेतली गेली असावी. फाइलीची लांबी बरोबर होती, पण तिचा शेवटचा भाग पोकळ राहिला होता. त्या अर्धवट फाइलीची दुसऱ्या डिस्कवर मात्र अगदीं बिनचूक नक्कल उतरली. ताळा खोटें बोलला नव्हता. दोन प्रती सारख्या आहेत काय, एवढेंच आम्हीं त्यास विचारलें. सारख्या आहेत, एवढेंच त्यानें सांगितलें. कार्डावरील मूळ फाइलीचा अंक, कार्ड हातीं होतें तोंवर, कोणीच काढून ठेवला नव्हता.

म्हणून फाइल मॅनेजर, म्हणजे ज्या खिडकींतून आपण फाइली पाहतों, हलवितों व त्यांच्या प्रती करतों ती आज्ञावली, ह्या कामीं कशी असावी ह्याचा आम्हीं थोडा विचार केला. लिनक्सवरील डॉल्फिन ह्या आज्ञावलींत फाइलीच्या गुणधर्मांच्या खिडकींत ताळ्यासाठीं निराळें पान आहे. प्रकाशकानें दिलेला अंक तेथें चिकटविला कीं, त्याच्या लांबीवरून रीत ओळखून तो जुळतो कीं नाहीं हें ती सांगते. ही सोय लहान दिसते, पण मोलाची आहे. ६४ चिन्हें डोळ्यांनीं ताडून पाहणारा मनुष्य पहिलीं चार व शेवटचीं चार पाहून उठतो. आम्हीही तेंच करीत आलों आहों. परंतु डॉल्फिनचें हें पान एका वेळीं एकाच फाइलीचें आहे. शेंकडों पानांच्या बाडाला तें कसें पुरावें? विंडोजवरील टोटल कमांडर निवडलेल्या सर्व फाइलींचे अंक एका यादींत लिहून ठेवतो, व त्या यादीवरून पुढें केव्हांही तपासणी करतो. आमच्यासारख्यांचें काम ह्या यादीनेंच व्हावयाचें.

तरी आमची अपेक्षा याहून थोडी पुढची आहे. प्रत करतांना मूळ फाइल एकदां वाचावीच लागते. त्याच वाचनांत तिचा अंक काढून, तारखेसह, यादींत आपोआप लिहिला जावा. ही गोष्ट मनुष्याच्या आठवणीवर सोंपविली तर आमच्याकडे झालें तेंच पुन्हां होईल. नंतर नवी प्रत वाचून अंक ताडावा. पण येथें एक खोंच आहे. नुकतीच लिहिलेली फाइल लगेच वाचावयास सांगितली, तर संगणक बहुधा डिस्ककडे न जातां आपल्या स्मृतींतूनच ती पुढें करतो. वही उघडून वाच म्हटलें असतां एखादा मुलगा तोंडपाठ म्हणून दाखवितो, तसाच हा प्रकार. डिस्क रीतसर बाहेर काढून पुन्हां जोडावी आणि मग तपासावें, असें आज्ञावलीनें स्वतः सुचविलें पाहिजे.

निकालही स्पष्ट हवा. किती फाइली जुळल्या, किती बदलल्या, कोणत्या सांपडल्या नाहींत, कोणत्या वाचतांच आल्या नाहींत, आणि यादींत नसलेल्या कोणत्या आढळल्या, हें निरनिराळें सांगावें, आणि तें शब्दांनीं. केवळ तांबडा-हिरवा रंग दाखवून भागत नाहीं, कारण तो भेद न दिसणारीं मुलें वर्गांत असतात. बदललेली फाइल बिघडलेलीच असते असेंही नव्हे. कोणी पत्र उघडून एक शब्द सुधारला तरी अंक बदलणारच. यादीवरील तारीख येथें उपयोगी पडते.

मराठी नांवें देणाऱ्यांस आणखी एक अडचण येते, ती ह्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. "दुसऱ्या सत्राची यादी" ह्या नांवांतील "ऱ" हें अक्षर संगणकांत दोन प्रकारें लिहितां येतें: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा साधा "र" व त्याखालीं नुक्ता अशीं दोन चिन्हें मिळून. पडद्यावर दोन्ही सारखींच दिसतात. एका संगणकावर केलेली यादी दुसऱ्यावर नेली, आणि तेथें नांव दुसऱ्या प्रकारें लिहिलें गेलें असलें, तर फाइल डोळ्यांसमोर असूनही "सांपडत नाहीं" असें उत्तर येतें. नांवें ताडतांना दोन्ही रूपें एकच मानावीं, एवढी सुधारणा झाली तरी आम्हां देवनागरी लिहिणारांचा मोठा त्रास चुकेल.

आतांपर्यंत अपघाताची गोष्ट झाली, कपटाची निराळी. २० फेब्रुवारी २०१६ रोजीं लिनक्स मिंट ह्या प्रसिद्ध प्रणालीच्या संकेतस्थळांत चोरटे शिरले, आणि तिच्या १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या दुव्यावर त्यांनीं चोरदरवाजा ठेवलेली बनावट फाइल लाविली. चालकांनीं लागलीच तें जाहीर करून खऱ्या फाइलींचे अंक प्रसिद्ध केले, व त्यांवरून लोकांस आपली फाइल तपासतां आली. पण जो चोर घरांत शिरून फाइल बदलतो, त्यास शेजारीं टांगलेला अंकही बदलतां येतो. म्हणून अंक निराळ्या वाटेनें मिळाला पाहिजे, किंवा प्रकाशकानें आपल्या गुप्त किल्लीनें त्यावर अशी सही केलेली असली पाहिजे कीं जी कोणासही तपासतां येईल पण दुसऱ्यास करतां येणार नाहीं. ही सही तपासण्याची सोयही त्याच खिडकींत असावी.

रीतही जपून निवडावी. रॉन रिव्हेस्ट ह्यांनीं १९९१ सालीं रचलेल्या एमडी५ ह्या रीतीनें एकच अंक देणाऱ्या दोन निरनिराळ्या माळा शोधतां येतात, हें २००४ सालीं वांग श्याओयून ह्या चिनी विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. एसएचए-१ ह्या रीतीची तीच गत गूगल व ॲम्स्टरडॅम येथील गणितसंस्था ह्यांनीं २०१७ सालीं केली. डिस्क बिघडली, नक्कल अर्धवट राहिली, एवढें ओळखण्यास ह्या जुन्या रीती अद्यापि पुरतात. लबाडी ओळखण्यास पुरत नाहींत.

आमच्या जुन्या अंकांचीं छायाचित्रें पुन्हां घेण्याचें काम आतां चाललें आहे. ह्या खेपेस प्रत्येक कार्डाची यादी कार्ड हातीं असतांनाच केली जाते, व तिची छापील प्रत ग्रंथालयाच्या कपाटाच्या दारास आंतून लावलेली आहे. १९३४ च्या अंकाची कागदी प्रत कपाटांत सांपडली, पण बक्षिसांच्या यादीचें पान मधल्या काळांत वाळवीनें खाल्लें. करड्या छायाचित्रावर इंग्रजी चौथीपर्यंतचीं नांवें वाचतां येतात. त्या गृहस्थांचे आजोबा त्या वर्षीं मॅट्रिकच्या वर्गांत होते. कोणा पालकांच्या घरीं तो अंक असल्यास त्यांनीं एका दिवसापुरता तो ग्रंथालयास उसना द्यावा, ही विनंती.