गळती कुठून येते?

आमचे गाव नरसी नामदेव हिंगोली जिल्ह्यात आहे. गावाजवळून कयाधू नदी वाहते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. आमच्याकडच्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नाही. मीसुद्धा तो पहिल्यांदा पाहिला तो बी.एड. झाल्यावर, मुंबईला गेलो तेव्हा. तरीही मुलांनो, आज मी तुम्हांला एका शिडाच्या बोटीची गोष्ट सांगणार आहे. तिची सुरुवात मात्र आमच्या अंगणात होते.

उन्हाळ्याचे दिवस होते. नळाला रोज पाणी येत नव्हते. जे येई ते आम्ही छोट्या टाकीत साठवत असू. एके दिवशी टाकीखाली ओल दिसली. पाइपाच्या वळणावरून थेंब थेंब पाणी पडत होते. शेजारचा एक विद्यार्थी गणिताची वही घेऊन आला होता. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, दर सेकंदाला एक थेंब पडतो आहे. म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब!"

हिशेब बरोबर होता. मी बाजारातून पांढरी टेप आणली आणि ते वळण घट्ट गुंडाळले. थेंब थांबले नाहीत. आणखी टेप गुंडाळली. पाइप जाडजूड दिसू लागला, पण पाणी पडतच होते!

शेवटी नळाचे काम करणारे चाचा आले. त्यांनी आधी माझी सगळी टेप काढून टाकली. मग कोरड्या फडक्याने सगळा पाइप पुसला आणि खाली बसून राहिले.

"चाचा, काम सुरू करा ना," मी म्हणालो.

"सुरूच आहे, सर," ते म्हणाले. "पाणी जिथे दिसते तिथूनच निघते असे नाही."

थोड्या वेळाने वरच्या व्हॉल्व्हच्या दांडीजवळ एक थेंब चमकला. तो पाइपाच्या मागच्या बाजूने घसरत खाली आला आणि वळणावरून टपकला. मी चुकीच्या जागी टेप लावली होती! चाचांनी टाकीतले पाणी हंड्यांत काढायला लावले. दांडीवरचा नट सैल केला, तेल लावलेला सुती दोरा दांडीभोवती गुंडाळला आणि नट पुन्हा आवळला. गळती बंद झाली.

मुलगा विचारात पडला. "सर, बोटीत अशी गळती झाली तर? तिथे चाचा कुठून येणार?"

प्रश्न चांगला होता. जुन्या शिडाच्या बोटीत पिण्याच्या पाण्याची टाकी बहुधा झोपण्याच्या फळीखाली असते. तिथून एक नळी हातपंपापर्यंत जाते. नळीचे टोक क्लिपने आवळलेले असते. वर्षे गेली की नळी कडक होते, क्लिप गंजते आणि पाणी झिरपू लागते. ते बोटीच्या तळाशी साठते. पण फळ्यांच्या फटींतून समुद्राचे पाणीही तिथेच येते. मग कोणते पाणी कुठले, हे कसे ओळखायचे?

खलाशी त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावतात. (मराठीत 'बोट' म्हणजे उंगली आणि 'बोट' म्हणजे कश्ती. इथे दोन्ही एकाच जागी आल्या!) पाणी खारट असेल तर समुद्र आत येत आहे. खारट नसेल तर आपले पिण्याचे पाणी वाया जात आहे. मात्र पाण्यात डिझेल मिसळले असेल तर ही परीक्षा करू नये. नळी गळत असेल तर तिचे तडकलेले टोक कापायचे, उरलेली नळी गरम पाण्यात मऊ करून पुन्हा बसवायची आणि नवी क्लिप आवळायची. काम थोड्या वेळाचे असते. जागा शोधण्यातच खरा वेळ जातो.

आता त्या बोटीची गोष्ट. तिचे नाव 'सुहेली'. अरब खलाशी एका वाऱ्याला या नावाने ओळखतात. सुहैल नावाचा तारा तर तुम्हांला माहीत असेल. मराठीत त्यालाच अगस्ती म्हणतात. सुहेली मुंबईत बांधली गेली. सुमारे ३२ फूट लांबीची ही बोट सागवानी लाकडाची आहे. मुंबईच्या सुतारांनी ती जुन्या पद्धतीच्या हातहत्यारांनी घडवली. तिचे मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे जहाजावरचे इंग्रज अधिकारी होते.

१४ जून १९६८ रोजी ते सुहेलीतून इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटेच निघाले. कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. थोड्याच आठवड्यांत, अटलांटिक महासागरात, बोटीच्या तळाशी पाणी वाढू लागले. ते पंपाने उपसून बाहेर टाकावे लागे. पण उपसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. गळती शोधण्यासाठी ते समुद्रात उतरले. बोटीखाली, फळ्या तळाच्या जाड लाकडाला जिथे जोडल्या होत्या, तिथला सांधा उघडला होता.

फटीत कापूस ठासायचा, हा जुना उपाय. त्यांनी श्वास रोखून तसा प्रयत्न केला. पण हातोडीचा घाव बसण्याआधीच कापूस बाहेर येई. पुन्हा वर येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा बुडी मारायची. काही केल्या जमेना. मग त्यांनी युक्ती केली. कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस सुईदोऱ्याने शिवला आणि ती पट्टी तांब्याच्या चुका मारून फटीवर बसवली. आपल्या नरसीत, शिंपी घराण्यात जन्मलेल्या संत नामदेवांच्या गावात, सुईचे महत्त्व कोणाला सांगायला नको. समुद्रातही तीच कामाला आली.

मध्येच एक शार्क आला! शार्कला गोरे अंग दिसू नये म्हणून नॉक्स-जॉन्स्टन यांनी गडद कपडे घातले होते. तो दिसला तेव्हा ते बोटीवरच होते. शार्क जाईना, तेव्हा त्यांनी बंदूक चालवली. मग पुन्हा पाण्यात उतरून काम पुरे केले. पट्टीवर तांब्याचा पत्राही ठोकला. दुसऱ्या बाजूचा सांधाही तसाच बुजवला. गळती जवळजवळ थांबली.

पुढे त्यांच्या टाक्यांतले पिण्याचे पाणी खराब झाले. चारी बाजूंना पाणीच पाणी, पण पिण्याजोगे फार थोडे. पाऊस आला की ते शिडावरून ओघळणारे पाणी साठवत. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, सुहेली फाल्मथला परतली. शर्यतीत नऊ जण निघाले होते. प्रदक्षिणा पुरी करणारे ते एकटेच.

"आणि सर, ती पट्टी?" मुलाने विचारले.

"बोट परत आली ना?" मी म्हणालो.

तो उठला, टाकीजवळ गेला आणि व्हॉल्व्हच्या दांडीखाली बोट फिरवून पाहिले. बोट कोरडे होते.

स्वाध्याय

१. लेखकाने टेप लावूनही गळती का थांबली नाही?
२. तळातले पाणी कुठून आले हे खलाशी कसे ओळखतात?
३. फटीत नुसता कापूस का टिकला नाही? मग काय केले?
४. तुमच्या घरी किंवा शाळेत एखादा नळ गळत असेल तर त्याखाली एक तास भांडे ठेवा. पाणी मोजा आणि दिवसाचा हिशेब वहीत लिहा.